शेवंता कोण आहे?

"आता हे बघा. काय करू नये, त्याचा नमुना."

सर एवढं म्हणाले आणि समोरच्या भिंतीवर माझ्या ब्लॉगचं पान उमटलं. हॉल हसला. एकदम नाही. आधी पुढच्या रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं, मग बाकीच्यांना धीर आला. मी दुसऱ्या रांगेत होते. आई शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर, मांडीवर लाडवांचा डबा घेऊन बसलेली. तिला वाटलं, काहीतरी आनंदाचं चाललंय. तीही हसली.

तिचं ते हसणं मला अजून दिसतं. बाकीचं सगळं विसरायला मी तयार आहे.

रविवार होता. मीरा रोडच्या एका कॉम्प्युटर क्लासच्या हॉलमध्ये ब्लॉग लिहिणाऱ्यांची बैठक होती. तेव्हा फोनमध्ये नेट नव्हतं. सायबर कॅफेत बसून लिहायचं. मराठीत लिहिणारे थोडेच, आणि सगळे एकमेकांच्या पानावर 'छान', 'मस्त', 'लिहीत राहा' असं टाकून यायचे. बैठक बोलावणाऱ्या मॅडमनी मेल केला होता की या वेळी नुसतं छान-छान नको. पानं भिंतीवर दाखवू, मोकळेपणाने अभिप्राय देऊ. मुंबईहून वेबसाइटी बनवणारे एक सर येणार आहेत. येताना खायला काहीतरी आणा. माझं पान दाखवा, असं मीच उलट कळवलं. कुणी बळजबरी केली नव्हती. मला खरंच शिकायचं होतं.

मी भाईंदरला भांड्यांच्या दुकानात नाव घालायला बसायचे. दुकानाबाहेर पाटी होती, 'भांड्यांवर नाव घालून मिळेल'. पेनासारखं मशीन असतं. सुई थरथरते, स्टीलवर ठिपके उठतात, ठिपक्यांचं अक्षर होतं. बारावीनंतर शिक्षण थांबलं आणि हातात ती सुई आली. दिवसभर लोक येऊन नावं सांगायचे. नावावरून भांडायचेसुद्धा. हंडा आईने घेतला आणि नाव थोरल्याचंच का, म्हणून दोन भाऊ माझ्यासमोर हमरीतुमरीवर आले होते. एक म्हातारे एकच पेला घेऊन आले आणि म्हणाले, बायकोचं नाव घाल, तिच्या सेटमधला एक हरवलाय. बायको जाऊन बरेच दिवस झाले होते. असलं सगळं मी ब्लॉगवर लिहायचे. लोक वाचायचे. मॅडमनीही एकदा लिहिलं होतं, 'वेगळं विश्व!'

आता आईचं सांगते. त्याशिवाय पान कळणार नाही.

आमचं गाव रत्नागिरीकडचं. आमची वाडी गावाबाहेर. गावात लग्न असलं की वाडीतल्या बायका राबायला जायच्या आणि जेवायला आपापलं भांडं घरून न्यायच्या. ते भांडं गावच्या भांड्यांत मिसळू नये म्हणून त्यावर विळ्याने ओरखडा काढलेला असायचा. तो ओरखडा म्हणजे आम्ही. आईच्या लग्नातल्या पातेल्यावरही तो होता. तिच्या सासूने काढलेला, कारण नाही काढला तर गाव बोलेल.

मग आई भाईंदरला आली. वडील फार दिवस राहिले नाहीत. जवळच हाटकेशला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात आई कामाला लागली. पॉलिश झालेली भांडी पुसायची, स्टिकर लावायचे, खोक्यात भरायची. हजारो भांडी तिच्या हाताखालून गेली, सगळी दुसऱ्यांची. पहिल्या बोनसातून तिने स्वतःसाठी एक डबा घेतला. दुकानातल्या माणसाने विचारलं, "नाम किसका डालूँ? मरद का बोलो."

आई म्हणाली, "मेराच डालो. मैंच ली है."

त्याने डब्यावर घातलं, शेवंता. झाकणावरही वेगळं घातलं, शेवंता. झाकणावर नाव नसलं तर झाकण बदललं जातं, हे भांड्यांतल्या प्रत्येक माणसाला माहीत असतं. आईला लिहिता-वाचता येत नाही. पण ते ठिपक्यांचं नाव तिने बघून बघून पाठ केलं. मधल्या अक्षराच्या डोक्यावर एक मोठा ठिपका आहे. ती म्हणायची, "टिकली लावलेलं अक्षार दिसलं की समजायचं, ता माजं नाव." तिला वाचता येणारा तेवढा एकच शब्द. त्यानंतर घरात आलेल्या प्रत्येक वाटीवर, चमच्यावर तिने तो घालून घेतला. मी मशीनवर बसायला लागल्यावर तर विचारूच नका.

म्हणून मी पान तसं केलं होतं. मागे स्टीलच्या ताटाचा फोटो. आणि वर 'शेवंता', ठिपक्यांत, कॉम्प्युटरवर एकेक ठिपका ठेवून काढलेलं. पहिल्याच पानावर नाही, प्रत्येक पानावर. डब्याला आणि झाकणाला वेगवेगळं नाव लागतं, मग पानांनाही लागणार. मला त्यात चुकीचं काही वाटलं नव्हतं. आईला सायबरमध्ये नेऊन दाखवलं तेव्हा तिने काचेवर बोट ठेवलं, टिकलीवर. "ह्यां सगल्यांना दिसतां? मुंबईत पन?" मी म्हटलं, अमेरिकेतसुद्धा. त्या रात्री तिने शेजारच्या सगळ्या बायकांना सांगितलं. बैठकीचं कळल्यावर म्हणाली, मीपण येते, भिंतीवर नाव बघते. ठेवणीतलं लुगडं नेसून आली.

भिंतीवर नाव उमटलं. माणसाएवढं मोठं.

"हा ब्लॉग आहे की भांड्यांचं दुकान?" सर म्हणाले. मग त्यांनी एकेक पान पुढे ढकललं. "शेवंता. इथे पण शेवंता. परत शेवंता. बाई पाठ सोडत नाहीये." हॉल आता मोकळेपणाने हसत होता. "ही शेवंता कोण आहे?"

मी म्हटलं, "आई आहे."

"मग आईवर एक पोस्ट लिही की. डिझाइनमध्ये आईचं काय काम?"

आज याला दहा उत्तरं सुचतात. तेव्हा मी नुसती मान हलवली.

"गावठी वाटतं हे," सर म्हणाले. "आपल्याला ते स्टँडर्डला आणायचंय. पासवर्ड टाक, आत्ता करून दाखवतो. फुकटात."

मी पुढे गेले. सगळ्यांसमोर पासवर्ड टाकला. सरांचं सगळंच चूक होतं, असं मी म्हणणार नाही. ताटाच्या फोटोवर अक्षरं नीट वाचता येत नव्हती, पान उघडायला वेळ लागत होता. ते त्यांनी सांगितलं असतं तर मी पाया पडले असते. पण त्यांनी सगळ्यात आधी नाव पुसलं. मग ताट पुसलं. मग तयार पांढरा साचा लावला. भिंत पांढरी झाली आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत माझं नाव आलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

"जुनं परत आणता येईल का, सर?"

"कशाला हवंय?"

साचा बदलायच्या आधी जुना उतरवून ठेवावा लागतो, नाहीतर तो जातो. हे सरांना माहीत होतं. त्यांनी ठेवला नाही. ठेवण्यासारखं त्यात काही आहे, असं त्यांना वाटलंच नाही.

मी मागे वळून पाहिलं. आई भिंतीवर टिकली शोधत होती.

मग चहा झाला. लाडू फिरले. सरांनी दोन खाल्ले, म्हणाले, "वा! हे कुणी आणले?" डबा रिकामा झाल्यावर मॅडमनी तो उचलला आणि झाकणावरचं नाव वाचलं. त्यांच्या मनात वाईट काही नसणार. मघाशी मी 'आई आहे' म्हटलं तेव्हा त्या चहाचं बघायला बाहेर होत्या. नाव होतं, त्यांनी वाचलं.

"शेवंता? अरे, शेवंता कोण आहे?"

पुन्हा हसू फुटलं. सकाळपासूनचं सगळ्यात मोठं.

जिने दुकानदाराच्या तोंडावर 'मेराच डालो' म्हणून सांगितलं, ती माझी आई मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. डबा तिच्यापासून हातभर अंतरावर होता. मॅडमनी दोनदा विचारलं. शेवटी मी उठले आणि म्हटलं, "डबा आमचा आहे." आईचा आहे, असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

निघताना मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "अगं, मनाला लावून घेऊ नकोस. फीडबॅक आहे हा."

रिक्षात आई बाहेर बघत बसली होती. गोल्डन नेस्टचा चौक आला. मग म्हणाली, "माज्या नावानं तुजं हसं झालं गो."

"तसं नाही, आई."

"मला काय कलत न्हाय? त्यांनी माजं नाव पुसलं आनि मगच टाल्या वाजवल्या."

तिला वाचता येत नव्हतं, पण एवढं वाचता येत होतं.

दिवाळीला गाळ्यातून सगळ्या बायकांना कढई मिळाली. मी ती दुकानात न्यायला पिशवीत घातली. आईने पिशवीतून काढून घेतली.

"नको."

"अगं, नाव नको का घालायला?"

"काय करायचां नाव? कोरीच ऱ्हाऊ दे."

मी तिथेच ओट्यापुढे बसून रडले. तिने कढई ओट्याखाली सरकवली आणि भाजी चिरायला घेतली. एवढ्या वर्षांत ओरखडा पुसून तिने स्वतःचं नाव कमावलं होतं. ते एका दुपारी, लाडू खाता खाता, एका शिकलेल्या माणसाने तिच्याकडून काढून घेतलं. आणि ते घेतलं हे त्याला माहीतसुद्धा नव्हतं. मला त्याचा राग त्या दिवशी आला नाही.

राग नंतर आला. सरांचा मेल आला तेव्हा.

'तुझा ब्लॉग माझ्या साइटवर उदाहरण म्हणून टाकलाय. लोकांना खूप आवडतंय. दोन ओळींचा अभिप्राय पाठव, खाली लावतो.' सोबत दुवा होता. सायबरमध्ये जाऊन उघडला. दोन चित्रं शेजारी शेजारी. एकाखाली लिहिलेलं 'आधी', दुसऱ्याखाली 'नंतर'. 'आधी'मध्ये माझं जुनं पान होतं. माझ्याकडे न उरलेलं, त्यांनी बैठकीच्या आधीच नुसतं चित्र म्हणून काढून ठेवलेलं. नावासकट. आणि त्या नावावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाल फुली.

मी ती फुली बघत राहिले. मला गावचं पातेलं आठवलं. विळ्याचा ओरखडा. आजीच्या हातात निदान विळा तरी नाइलाजाने आला होता. इथे कुणाची सक्ती होती? त्याच वेळी माझ्या डोळ्यांसमोरचं धुकं गेलं. मला डिझाइन येत नाही म्हणून हे झालं, असं मी दिवाळीपासून स्वतःला सांगत होते. ते खोटं होतं. आमचं भांडं कुठवर चालेल, हे ठरवायची यांची जुनी सवय आहे. आता फक्त भिंतीवर उजेड पाडून ठरवतात.

मी तिथेच बसून अभिप्राय लिहिला.

'तुम्ही ज्या नावावर फुली मारलीत ते माझ्या आईचं आहे. ती त्या दिवशी हॉलमध्ये होती. तिच्या हातचे लाडू तुम्ही खाल्लेत. फुली काढा.'

उत्तर लगेच आलं. 'टीका घ्यायला मोठं मन लागतं. ते तुझ्याकडे नाही. ऑल द बेस्ट.' माझा अभिप्राय त्यांनी लावला नाही. फुलीही काढली नाही. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "त्याने तुझ्यासाठी फुकट केलं गं. एवढं काय?" त्यानंतर मी बैठकीला गेले नाही.

'आधी'चं चित्र मी उतरवून घेतलं. फुलीखालचे ठिपके बघून बघून नाव पुन्हा काढलं. जिथे लाल रंगाने ठिपका झाकला होता तिथे हाताला विचारलं. हाताला माहीत होतं. ताटाचा फोटो परत लावला नाही, अक्षरं वाचता येत नव्हती हे खरंच होतं. मागे साधा राखाडी रंग दिला. नाव मात्र मोठं केलं. इतकं मोठं, की पान उघडलं की आधी तेवढंच दिसतं. वाचायचं असेल तर त्याच्याखालून जावं लागतं.

आईला सांगितलं. म्हणाली, "बगीन कदीतरी." अजून आलेली नाही. कढई ओट्याखालीच आहे, कोरी. मी तिच्यावर गुपचूप नाव घालू शकते, मशीन अजून माझ्याच हातात असतं. घालणार नाही. ते तिचं तिने मागायचंय. मी रोज विचारते, ती रोज नको म्हणते.

लोक अजून अभिप्राय देतात. कुणी लिहितं, रंग उदास आहे. कुणी लिहितं, अक्षर वाढव. मी ऐकते, पटलं तर बदलते. मग कुणीतरी येतंच. 'बाकी सगळं छान आहे, फक्त ते वरचं नाव डोळ्यांना खुपतं.'

खुपू दे. रंग सांगा, बदलीन. अक्षर सांगा, वाढवीन. नावाला हात लावायचा नाही.