मी कोंबडेचोरांच्या टोळीत शिरलो तेव्हा

आमच्या पाड्यावर आजवर एकच गुप्तहेर होऊन गेला, आणि टोळीने त्यालाच पकडून त्याच्या आईपुढे उभं केलं. तो गुप्तहेर मी.

झालं असं, की होळीच्या तोंडावर आमच्या घरचे कोंबडे एकेक करून गायब व्हायला लागले. शेवटी एक तांबडा तुरेवाला तेवढा उरला. तो आईने माझ्या बहिणीसाठी, विमलसाठी, राखून ठेवला होता. रविवारी तिला बघायला जामसरचे पाहुणे यायचे होते आणि सोयरीक जुळायची तर जेवणात कमी पडून चालणार नव्हतं. (माझ्या सासरची माणसं पहिल्यांदा आली तेव्हा आईने वांगी केली होती. असो.)

त्याच आठवड्यात मी मोबाइलवर एक सिनेमा पाहिला. एक पोलीस गुंड बनून माफियाच्या टोळीत शिरतो आणि आतून सगळ्यांना पकडून देतो. खोडाळ्याच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गिऱ्हाईक कमी, विचार करायला वेळ भरपूर. त्यामुळे आमच्याकडची टोळी कोणती, हे मी दुकानात बसल्या बसल्याच ठरवून टाकलं. वरच्या पाड्यावरचा लहानू आणि त्याचे दोन जोडीदार! तिघं वीटभट्टीवरून सणाला घरी आले होते आणि ओहोळाकाठच्या मोहाच्या झाडाखाली बसून हळू आवाजात बोलायचे. प्रामाणिक माणसाला हळू बोलायची गरज काय?

मी दाढी करणं बंद केलं, काळा चष्मा लावला आणि मोहाखाली जाऊन बसलो. ज्यांनी मला शेंबडा असल्यापासून पाहिलं होतं, त्यांच्यात वेष बदलून शिरायला धाडस लागतं! लहानूने आधी विचारलं, डोळे आलेत का. मी म्हणालो, "नाही, भाई." लहानूला जन्मात कोणी भाई म्हटलं नसावं. त्याने जोडीदारांकडे पाहिलं, जोडीदारांनी माझ्याकडे. मला वाटलं, आपला जम बसला.

मग मी रोज जाऊ लागलो. झेरॉक्सवर पोट भरत नाही, सरळ वागण्यात राम नाही, कसलंही वाकडं काम असेल तर सांगा, असं सुचवत राहिलो. एक दिवस लहानू म्हणाला, "कोंबडा आनशील? पन इकत आनायचा नाय."

सिनेमातही टोळीचा विश्वास बसावा म्हणून त्या पोलिसाला आधी गुन्हा करावा लागतो. पण मी कायदा पाळणारा माणूस. दुसऱ्याचा कोंबडा कसा चोरणार? म्हणून मी आपलाच चोरायचं ठरवलं. टोळीला दाखवायचा, पुढे कोण काय करतो ते बघायचं आणि संध्याकाळपर्यंत परत आणायचा. नुकसान कोणाचंच नाही.

बाजाराच्या दिवशी आई माझ्या बायकोला घेऊन खोडाळ्याला आणि विमल पाण्याला गेल्यावर मी तांबड्याच्या मागे लागलो. त्याला ही योजना माहीत नव्हती. तो चुलीवरून उडाला, उतरंडीवर चढला, नागलीच्या पिठाचा डबा माझ्या डोक्यावर पाडून मग पिशवीत आला.

मोहाखाली पिशवी पुढे केली. लहानूने आत डोकावून पाहिलं आणि माझं मनगट धरलं.

"मी म्हनलं नव्हतं? ह्योच हाय."

वरच्या पाड्यावरचेही कोंबडे जात होते. तिघं मोहाखाली बसून बोलायचे ते तेच. अशात दाढी वाढवलेला, काळा चष्मा लावलेला, वाकडं काम मागणारा माणूस आपण होऊन येऊन बसला. त्यांनी माझ्यासाठी सापळा लावला होता.

मी म्हणालो, "अरे, मी तुम्हाला पकडायला तुमच्यात शिरलो होतो."

लहानू शांतपणे म्हणाला, "आनि आमी तुला पकडायला तुला बसू दिला. आता सांग, कोंबडा कोनाच्या पिशवीत हाय?"

मी म्हटलं, घरी चला, आईच सांगेल. निघालो. पुढे मी पिठाने माखलेला, मागे ते तिघं आणि पिशवीत ओरडणारा पुरावा. वाटेत जो भेटला तो मागे लागला.

आई बाजारातून येऊन रिकाम्या खुराड्यापुढे उभी होती. मी घाईने विचारलं, "आई, यांना सांग, हा कोंबडा कोणाचा?"

"माझा," आई म्हणाली. "कोनी चोरला?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मी सिनेमापासून सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं, तिघांना चहा दिला, आणि पोराने तुमच्यावर आळ घेतला म्हणून रविवारी जेवायलाच या, असं सांगितलं. रविवारी लहानू पाहुण्यांच्या पंगतीत बसला आणि चांगल्या मनाने त्याने त्यांना सगळी हकीकत ऐकवली. पाहुणे इतके हसले, की सोयरीक तिथल्या तिथे पक्की झाली. विमल अजून म्हणते, माझं लग्न दादामुळे जुळलं. त्या दिवशी मला वाढायला कोंबडा उरला नाही.

पुढच्याच आठवड्यात लहानूने बांबूच्या बेटात रानमांजर पाहिलं, तोंडात कोंबडी धरलेलं. तो लगेच आमच्याकडे आला आणि आईला म्हणाला, तुमचा पोरगा चोर नाय.

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मला ठावं होतं. एक कोंबडा धरला तर घरभर पीठ केलान. याला चोरी कुठं जमतेय!"

पाड्यावर मी निर्दोष ठरलो, तो एवढ्याच साक्षीवर.