शेटांचा लूम

टेमघरातले आमचे शेजारी शेट आपल्या कापड विणायच्या लूमच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावरच राहायचे. खालच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे ते मांडीला मांडी लावून बसलेल्याशीही ओरडूनच बोलत.

एका दुपारी माझ्यासोबत चहा पिता पिता त्यांना दरदरून घाम फुटला. "अरं, लूम बंद करा रं! अंग हादरतंय माझं!"

पण लोडशेडिंग होतं. खाली एकही लूम चालू नव्हता. मी त्यांचं मनगट धरलं. लूम तिथं धावत होता!

रिक्षानं दवाखान्यात नेलं. ईसीजी बघताच डॉक्टर म्हणाले, "हृदयाचा खालचा कप्पा मनानंच पळत सुटलाय. शॉक द्यावा लागेल."

शॉक म्हटल्यावर मी पांढरा पडलो. शेट मात्र धापा टाकतही खूश! "म्हंजे मेन स्विच बंद करून परत चालू, असंच ना? मंग करा की!"

गुंगीचं इंजेक्शन, एक झटका, आणि ठोके ताळ्यावर! पुढे मुंबईत त्यांच्या छातीत यंत्र बसवलं. ठोके पुन्हा बेफाम झाले तर ते आपोआप शॉक देणार होतं.

तेव्हापासून वीज जाऊन अख्खं टेमघर गप्प झालं, की शेट गॅलरीत येत, छातीवर थाप मारत आणि माझ्याकडे बघून ओरडत, "मास्तर, याला लोडशेडिंग न्हाय!"