भैय्यालालभाऊंची वाकडी मान

भंडारा जिल्ह्यातला बेसबॉलचा अंपायर कुठंही उभा करा, लांबून ओळखू येतो. कॅचरच्या मागं वाकला की त्याचं तोंड डावीकडं वळतं, उजवा गाल पुढं येतो आणि मान अशी होते की जणू रात्री उशी चुकली. नागपूरच्या एका स्पर्धेत मला एकानं विचारलंही, "काय रे, तुमच्याकडे सगळ्यांना एकदमच लकवा मारला काय?" मी छाती काढून सांगितलं, "ही आमची पद्धत आहे."

पद्धत म्हणजे भैय्यालालभाऊंची. अड्याळला त्यांची आटाचक्की. भुवयांवर, कानांवर, मिशीवर कायम पीठ. कुलदीप सर, म्हणजे आमचे खेळाचे मास्तर, कुठल्याशा शिबिरातून बेसबॉल शिकून आले, तेव्हा अंपायर कोणाला करायचं हा प्रश्न होता. भाऊंचा आवाज चक्कीच्या घरघरीवर मात करून तयार झालेला. त्यांनी मैदानावर "स्ट्राईक" म्हटलं की रस्त्यावरच्या सायकली थांबत. एवढ्या भांडवलावर त्यांची नेमणूक झाली. पण माणूस खरा निघाला. नियम पाठ केले, उन्हात उभे राहिले, आणि एकदा दिलेला निर्णय कोणाच्या बापासाठी फिरवला नाही.

आम्ही शहापूरची पोरं त्यांच्याकडून अंपायरिंग शिकलो. पायात अंतर किती, वाकायचं किती, आणि अर्थातच मान वाकडी किती. माझी मान इतकी दुखायची की आई रोज बाम चोळायची आणि उशीला शिव्या द्यायची.

तर गेल्या महिन्यात जवाहरनगरच्या मैदानावर सामना होता. बॉल बॅटला चाटून सरळ भाऊंच्या तोंडावर आला. तोंडावर मास्क होता, पण जुना. त्याच्या एका दांडीचा जोड सुटला आणि दांडी आत वाकून उजव्या डोळ्याच्या जरा खाली रुतली. गालातून रक्त आलं. भाऊंनी मास्क फेकला, मटकन खाली बसले आणि दोन्ही हातांनी उजवा डोळा झाकून घेतला. रक्त गालाला, हात डोळ्याला.

"कोण हाय? समोर कोण हाय बे?"

मी त्यांच्या नाकासमोर बसलो होतो. "मी आहे न भाऊ."

"बोलत राह्य. थांबू नोको."

आम्हाला वाटलं, चक्कर आली. पाणी मारलं, ते उठले, हसले. पण कुलदीप सरांनी बजावलं, "नवा मास्क आणा, नाही तर जिल्ह्याच्या फायनलला तुम्ही कॅचरच्या मागं उभे राहणार नाही." खरेदीला सोबत म्हणून मला धाडलं.

खरेदीच्या दिवशी सकाळी त्यांना घ्यायला गेलो तर त्यांची बायको, विमलावहिनी, दारात. त्यांच्या लेखी मास्क म्हणजे मुसकं, चुरण्याच्या, म्हणजे मळणीच्या वेळी बैलांनी धान खाऊ नये म्हणून त्यांच्या तोंडाला बांधतात ते.

"ह्याइले चांगलं मुसकं घेऊन देजो बाप्पा. उजवीकडून पक्कं पाह्यजो."

"वहिनी, मास्कला उजवं-डावं नसते."

"तुले नसन," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मी वाटभर हसत होतो.

नागपूरच्या दुकानात काउंटरवर रक्षा होती, मालकाची मुलगी. स्वतः कॅचर म्हणून खेळलेली, त्यामुळे मास्क विकताना ती भाजी विकल्यासारखी विकत नव्हती. तिनं आधी जाड दांड्यांचा काढला. भाऊंनी घातला, मान फिरवली, काढला.

"दांडी मधात येते."

दुसरा हलका होता. "ह्याचीबी येते."

तिसरा त्यांनी स्वतःच भिंतीवरून उतरवला. डोळ्यांसमोर ऐसपैस मोकळी जागा. घातल्याबरोबर चेहरा खुलला. "हा! हाच दे वो बाई."

रक्षानं तो हातात घेतला, ड्रॉवरमधून बेसबॉल काढला आणि त्या मोकळ्या जागेवर दाबला. निम्मा बॉल आत. "काका, हा सॉफ्टबॉलचा आहे. तो बॉल मोठा असतो, बाहेरच अडकतो. तुमचा बॉल थेट डोळ्यात जाईल. पहिलाच घ्या. दांडीचं काय, थोड्या वेळानं दिसतच नाही. एका डोळ्याला जे अडतं ते दुसऱ्याला दिसतं, दोघं मिळून दांडी पुसून टाकतात."

"मले नाई पुसत."

"सगळ्यांना पुसते काका."

"मले नाई पुसत म्हणलं न!"

रक्षा काउंटरच्या बाहेर आली. मग बॉल त्यांच्या डाव्या कानाजवळून हळूहळू पुढं आणू लागली. मला तो कधीचा दिसत होता. भाऊ सरळ समोर, भिंतीवरच्या बॅटींकडं बघत होते. बॉल नाकापर्यंत आला तेव्हा दचकले.

"काका, डाव्या डोळ्यानं तुम्हाला दिसत नाही?"

"नाई," भाऊ म्हणाले. कोणी वेळ विचारावी आणि घड्याळ नाही म्हणावं, तसं.

मी पुढं होऊन बघितलं. त्या डोळ्यात पांढुरका ठिपका होता, तो मी कित्येकदा पाहिला होता. तो पीठ आहे असं समजत होतो! एवढी वर्षं माणसाच्या बुबुळावर पीठ कसं टिकेल, हा प्रश्न आम्हा शिकलेल्या एकाही दिवट्याला पडला नव्हता.

बाहेर टपरीवर चहा घेतला.

"भाऊ, कधीपासून?"

"लहानपणी चुरण्यात धानाचं कुसळ गेलं. चोळलं, पिकलं, गेला डोळा. बैलाच्या तोंडाले मुसकं बांधलं होतं, माह्या डोळ्याले कोण बांधते?" आणि ते हसले. "एवढा काहून घाबरून राहिला बे? साऱ्या अड्याळले माहीत हाय."

"आम्हाला नव्हतं माहीत!"

"चाल! तुमाले माहीत नोहोतं तं मान कायले वाकडी करत होते?"

"तुम्ही करत होते म्हणून. आम्हाला वाटलं, अंपायरनं अशीच धरायची असते."

भाऊंचा कप तोंडाजवळ थांबला.

"म्हणजे ते टिंगल नोहोती?"

"कसली टिंगल?"

"म्या समजत होतो, पोट्टे काण्याची नक्कल करून राहिले. कुलदीप सरबी करे, मंग तं पक्कंच वाटलं. म्हणलं, करू दे बाप्पा. खेळ तं शिकून राहिले न."

ज्या मानेचा आम्ही नागपुरात अभिमान मिरवला, ती मान बघत हा माणूस दर सामन्याला गप्प उभा होता. आणि त्या सामन्यात ती दांडी जराशी वर सरकली असती, तर? "बोलत राह्य, थांबू नोको" याचा अर्थ मला आत्ता, चहाच्या टपरीवर कळला.

"भाऊ, पहिला मास्क घ्या. हात जोडतो."

"त्याच्यातून बॉल दिसत नाई मले. दिसला नाई आन् स्ट्राईक म्हणलं, तं पोराइचा खेळ खराब."

"मग मोकळा घेणार? त्याच्यातून उरलेला डोळा गेला तर?"

भाऊंनी कप खाली ठेवला. मग उठून दुकानात गेले आणि रक्षाला म्हणाले, "तो जाड दांडीवाला दे. पण माह्या डोस्क्यावर नोको मोजू." माझं डोकं धरून पुढं केलं. "याच्या मोज."

"भाऊ, मी?"

"तुले दोन हायेत न? वापर."

फायनलला भाऊ पहिल्या बेसवर अंपायर म्हणून उभे राहिले. तिथं मास्क लागत नाही. मी कॅचरच्या मागं, नव्या मास्कात घामानं भिजलेला. दांडी खरंच पुसली गेली होती. पिचरनं हात उचलला, मी वाकलो, आणि बेसवरून चक्कीवरचा आवाज आला. अख्खं मैदान वळून बघायला लागलं.

"मान सरळ कर बे, काण्या!"