आमच्या शाळेचा पट एक

कसं सांगू तुम्हाला, चांगली चाललेली शाळा मी एका रविवारी स्वतःच्या हातानं बुडवायला निघाले होते. शाळा कुणाची? माझीच. पट एक. आमची नऊ वर्षांची मुक्ता, जिला आम्ही पडेगावच्या घरीच शिकवतो.

शिकवतो म्हणजे काय, पोरगी पीठ मोजते, गच्चीवरच्या मुंग्यांची वही ठेवते आणि प्रश्न विचारून माझं डोकं खाते. वेळापत्रक नाही, घंटा नाही. लई मजेत चाललं होतं.

तेवढ्यात वैजापूरहून सासऱ्यांचा फोन आला. आण्णा जन्मभर हेडमास्तर होते. फोन ह्यांनी घेतला आणि मला निरोप दिला, "रविवारी येतायत. म्हणाले, मुक्ताच्या शिक्षणाचं काय ते ठरवून टाकू."

ठरवून टाकू म्हणजे? हात धरून शाळेत नेऊन बसवणार, दुसरं काय! आण्णांपुढं ह्यांचा आवाज निघत नाही.

"अहो, नीट विचारा तरी," मी म्हटलं.

"तूच विचार," म्हणून हे आंघोळीला पळाले.

मी काही विचारलं नाही. मी सरळ शाळाच उघडली. भिंतीवर वेळापत्रक लावलं, भाचीचा जुना गणवेश आणला, हजेरीपट आखला. पितळी परात आणि बत्ता, ही घंटा. मुक्ताला बजावलं, "आण्णा असेपर्यंत मला मॅडम म्हणायचं. न विचारता उठायचं नाय."

"शू लागली तर?"

"बोट वर करायचं."

पोरीला खेळच पाहिजे होता. ती माझ्याहून खुश.

रविवारी दहाला आण्णा दारात आले आणि मी परात बडवली. चप्पल काढता काढता ते दचकले. मग प्रार्थना झाली, हजेरी झाली. "क्रमांक एक?" "हजर, मॅडम." आता दोन नंबर कुठून आणू? तरी मी भारदस्तपणे पान उलटलं.

आण्णांना चहासुद्धा मधल्या सुट्टीत मिळाला, बोला! दौलताबादच्या किल्ल्याच्या पायऱ्या मुक्तानं मागंच स्वतः चढून मोजल्यात. त्याच किल्ल्यावरची पाठ केलेली सहा वाक्यं तिनं हाताची घडी घालून म्हटली. मी तर हवेतच होते.

शेवटी आण्णा म्हणाले, "मुक्ते, कांदा काढायला सुरुवात झालीय. येतीस का माझ्यासंगं आठ दिवस?"

मुक्ता उभी राहिली. "आण्णा, रजेचा अर्ज द्यावा लागेल. मॅडमनी मंजूर केला तर येईन."

आण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मग पिशवीतून वजनाचा ताणकाटा, मोजपट्टी आणि कोरी वही काढली.

"वर्षा, मी हेच ठरवायला आलो होतो. मी जन्मभर घंटा वाजवली. नात घंटेशिवाय शिकतीय ह्याची लई खुशी होती मला. म्हटलं, मापं-वजनं वावरात आपण शिकवू. पण तुझी शाळा तर माझ्याहून कडक! मग खऱ्या शाळेतच घालू की हिला. तिथं निदान खेळायला पोरं तरी असतील."

ज्या शाळेला घाबरून मी एवढं सोंग केलं, ती मीच दारात आणून उभी केली होती. लाज सोडून कबूल केलं, "आण्णा, खोटं आहे हो सगळं. ही परात कालपर्यंत कणीक मळायची होती."

आण्णा ठसका लागेपर्यंत हसले.

तुम्हीही पोरांना घरीच शिकवत असाल तर माझं एवढं ऐका. घरात रोज जसं चालतं तसंच पाहुण्यांना दिसू द्या. आणि शंका आली तर परात हातात घेण्याआधी फोन घ्या.

मुक्ता त्याच दुपारी वैजापूरला गेली. गणवेश फेकून गेली, हजेरीपट मात्र घेऊन गेली.

आठ दिवसांनी परत आली तेव्हा वही कांद्याच्या वजनांनी आणि कांदा साठवायच्या चाळीच्या मापांनी भरली होती. हजेरीपटात क्रमांक एकवर माझं नाव होतं आणि आठही दिवस गैरहजेरी. खाली हेडमास्तरांच्या वळणदार अक्षरात शेरा होता:

'विद्यार्थिनी कष्टाळू आहे. प्रश्न विचारण्याची सवय नाही. मुलीकडे शिकवणी लावावी.'