वेदीमागची गोधडी

आमच्या पाळकीणबाई प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटत नसत. सगळी मंडळी माना खाली घालून बसलेली असायची आणि बाई पहिल्या बाकावर, मांडीवर कापडाचा तुकडा घेऊन, सुई चालवत असायच्या. मला हे कसं माहीत, असं विचारू नका. त्यापायी आईचे पुष्कळ धपाटे खाल्ले आहेत. एकदा धीर करून मी बाईंनाच कारण विचारलं. म्हणाल्या, "डोळे मिटले की टाका वाकडा जातो. आन् वाकडा टाका देवाला दावायची मला लाज वाटती." हे उत्तर मी घरी येऊन आईला सांगितलं, तर आणखी एक धपाटा बसला.

चारठाण्याहून येलदरीकडे जाताना लागणाऱ्या आमच्या गावात त्या पाळकसाहेबांची बायको म्हणून आल्या आणि साहेब वारल्यावरही गेल्या नाहीत. चर्चला, म्हणजे आमच्या बोलण्यात देवळाला, लागून दोन खोल्या होत्या, तिथंच राहिल्या. पुढं सेलूहून एक तरुण पाळक मोटरसायकलवर येऊन महिन्यातून दोनदा उपासना घेऊ लागले. बाकीचे रविवार, दुखणीखुपणी, पोरांची नावं ठेवणं आणि नवराबायकोची भांडणं बाईंकडे. त्यांचं खरं नाव काय होतं, ते मला त्यांच्या मयतीच्या दिवशी कळलं.

नुसत्या प्रार्थनेवर त्यांचं समाधान होत नसे. आमेन म्हणून घरी निघालेल्या माणसाला त्या दारात अडवायच्या आणि विचारायच्या, "हातानं काय केलंस ह्या आठवड्यात?" गाणं जुळवलंस का, भिंतीवर काही काढलंस का, पोराला मातीचा बैल करून दिलास का? काहीच केलं नसेल तर ऐकून घ्यावं लागे. "देवानं आधी हातानं माती मळली, मंग तिच्यात श्वास फुंकला. तुमी नुसतंच फुंकायलात." आमच्या मंडळीतल्या शांतवन आबांना लिहितावाचता येत नव्हतं, पण ढोलकीवर हात बसलेला होता. बाईंनी मागे लागून लागून त्यांना गाणी जुळवायला लावलं. पहिलं गाणं इतकं वाईट होतं की लोक हसू दाबायला खोकले, तरी बाईंनी ते सगळ्यांकडून रविवारामागून रविवार म्हणवून घेतलं. पुढं आबांची गाणी जिंतूरपर्यंत गेली. ते बाईंना थोरल्या बहिणीसारखं मानायचे आणि बाई त्यांच्यावर हक्कानं रागवायच्या.

पण बाईंबद्दल सांगायचं म्हणजे गोधडीबद्दल सांगावं लागतं.

दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात. त्याआधी बाई घरोघर बायबलमधली एकेक गोष्ट वाटून द्यायच्या. घरातल्या जुनेराचा हातभर तुकडा घ्यायचा, त्यावर ती गोष्ट शिवायची, आणि उन्हाळ्यात टोळी परतली की सगळे तुकडे जोडून गोधडीला एक ओळ वाढवायची. शेजारणीचं बघून शिवलेलं चालत नसे. "देवानं दोन माणसं सारखी केली न्हाईत, आन् तू काय छापखाना काढलास का?" म्हणत बाई टाके उसवून परत द्यायच्या. माझ्या आईनं मरीयेला उसाच्या गाडीत बसवलं, पोट पुढं आलेलं, शेजारी योसेफ कोयता घेऊन. कारण माझा जन्म साखर कारखान्यावरच्या कोपीत, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, झाला होता. तरुण पाळक म्हणाले, मरीया गाढवावरून गेली होती. बाई म्हणाल्या, "मंग तुमच्या घरच्यांना सांगा गाढव शिवायला. हिनं जे भोगलं ते शिवलं." चर्चमागच्या कोंडाबाई आमच्या मंडळीतल्या नव्हत्या, तरी त्यांनी, येशूनं जिच्याकडे पाणी मागितलं त्या विहिरीवरच्या परजातीच्या बाईची गोष्ट हट्टानं मागून घेतली. आणि शांतवन आबांच्या बायकोनं, रूथकाकूंनी, नोहाच्या तारवामागे येलदरी धरणाचे दरवाजे शिवले, सगळे उघडलेले. त्याच उन्हाळ्यात रूथकाकू गेल्या. त्यांचा तुकडा गोधडीच्या मधोमध आला.

ही गोधडी वेदीमागच्या भिंतीवर टांगलेली असे. आमची जमीन काळी आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात पाय आत जाईल एवढी फाटते, आणि तिच्यावर उभं केलेलं काही फार दिवस सरळ राहत नाही. त्या दगडमातीच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत एक भेग गेली होती. गिलावा केला की वर्षभरात परत उघडायची. "पावसाळ्यापुरतं झाकू, मंग बघू," असं म्हणून बाईंनीच पहिल्यांदा गोधडी तिथं टांगली होती. दरवर्षी गोधडी वाढत गेली आणि लोक कौतुकानं म्हणू लागले, मंडळी वाढायलीय. नवी ओळ कोणत्या बाजूला जोडायची हे बाई कशावरून ठरवतात, ते मला एकदाच दिसलं. त्यांनी गोधडीचा कोपरा उचलला, आत पाहिलं, हात घातला आणि बराच वेळ तो बाहेर काढलाच नाही. मग म्हणाल्या, "औंदा डाव्या अंगाला जोडू."

माझं लग्न सेलूला झालं, तरी रविवारी मी गावी यायची. येईन तेव्हा काहीतरी नवं बिघडलेलं असे. चर्चचं दार चौकटीत बसेनासं झालं, खांदा लावून लोटावं लागे. वेदीच्या पांढऱ्या कापडावर सकाळी मातीचा भुगा पडलेला असे; बाई तो पदरानं झटकायच्या. भर दुपारी, आत कुणी नसताना, भिंतीतून काहीतरी मोडल्याचा आवाज येई. बाईंनी चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांना सांगितलं. पंचांनी बाहेरून सिमेंट थापलं आणि विषय संपवला; मागं कोंडाबाईंच्या गोठ्याचं काटेरी कुंपण होतं, त्यामुळे ते सुटून पडलं तरी कुणाला दिसलं नाही. मग गावच्या तरुण मुलांनी, बाईंना आनंद व्हावा म्हणून, गोधडीला चारी बाजूंनी लाकडी पट्ट्या ठोकून ती भिंतीला पक्की बसवून टाकली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी पट्टीवरून बोट फिरवून पाहिलं. आता कोपरा उचलता येत नव्हता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात गोधडी हलायला लागली. खिडक्या बंद, पंखा बंद, आणि उपासना चालू असताना ती मधोमध फुगायची, जरा थांबायची आणि हळूच परत भिंतीला चिकटायची, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी. पवित्र आत्मा वाऱ्यासारखा येतो, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं, आणि तेही बाईंनीच. त्यामुळे भिंतीची शंका कुणाला आली नाही. सगळं चर्च गुडघ्यांवर आलं. शांतवन आबांच्या डोळ्यांना धार लागली, कारण फुगायचा तो नेमका रूथकाकूंचा तुकडा. कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढला. पुढच्या रविवारी जिंतूरहून, सेलूहून, पार परभणीहून जीप भरून माणसं आली. बसायला जागा उरली नाही, म्हणून पोरांना वेदीच्या पायरीवर, भिंतीला टेकवून बसवलं.

त्या दिवशी बाई तडक आबांच्या घरी गेल्या. मी सोबत होते.

"शांतवन, त्यो आत्मा न्हाई. भेगंतून वारं यायलंय. भिंत फाटली हाय."

"बाई, तुमीच शिकवलंत न्हवं, आत्मा वाऱ्यावानी येतो म्हनून?"

"शिकवलं. पर हे वारं भाईरचं हाय. पट्ट्या काढ, तुला दावते. पोरं बसायलीत रे तिथं."

"रूथच्या हातचं हाय ते. मी पट्टी काढनार न्हाई आन् कुनाला काढू बी देनार न्हाई." आबा जमिनीकडे बघत होते. "वय झालं बाई तुमचं. विश्वास आटला."

बाई तिथून पंचांकडे आणि पाळकांकडे गेल्या. पंच ऐकेनात, पाळक म्हणाले की इतके लोक देवाच्या वाटेला लागतायत तर आपण आडवं येऊ नये. पुढच्या खेपेला मी शनिवारीच आले आणि त्यांच्याकडे डोकावले, तेव्हा त्या अंगणात बसून कापड कापायची मोठी कात्री दगडावर घासत होत्या. मी विचारलं, कशाला? म्हणाल्या, "बोथट झाली हाय."

रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दारात उभ्या असलेल्यांचे मोबाईल वर धरलेले. गोधडी फुगली, लोकांनी हात उंचावले, आणि बाई पहिल्या बाकावरून उठून वेदीमागे गेल्या. त्यांनी खालून कात्री घातली. काहींना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. हात पोचेना तेव्हा त्या मला म्हणाल्या, "स्टूल धर." मी धरलं. कात्री माझ्या आईच्या मरीयेशेजारून वर गेली आणि तारवाच्या बरोबर मधून, धरणाच्या दरवाजांमधून गेली. दुसरीकडून जाणं शक्य नव्हतं, भेग तिथंच होती. दोन्ही बाजू लोंबल्या आणि गरम वारा आमच्या तोंडावर आला. मूठ सहज जाईल एवढ्या फटीतून बाहेरचं ऊन वेदीवर पडलं. पायरीवरचं एक पोरगं म्हणालं, "कोंडाबाईची शेळी दिसायलीय."

बाई स्टुलावरून उतरल्या. "मीच झाकलं होतं, मीच उघडलं. चला, पोरं भाईर."

लोक निघाले. काही घाबरून, पुष्कळसे चिडून. बायका रडत होत्या, कारण त्यांच्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षांची शिलाई फाटली होती. शांतवन आबा बाकावरून हलले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "रूथला बी कापलंत?" मलाही तेव्हा आबांचंच दुःख खरं वाटलं.

नंतर बाईंनी सगळे तुकडे उसवून ज्याचे त्याला नेऊन दिले. आबांनी दार उघडलं नाही; रूथकाकूंचा तुकडा बाईंकडेच राहिला. पंचांनी भेगेत सिमेंट भरलं, वर निळा रंग दिला आणि उपासना पुन्हा आत सुरू झाली. बाई आत गेल्या नाहीत. त्या समोरच्या लिंबाखाली सतरंजी टाकून बसू लागल्या आणि पोरांना माती, रंगीत चिंध्या, खताच्या रिकाम्या गोण्या असं काहीबाही देऊन गोष्टींचे खेळ बसवू लागल्या. पोरं तिकडे ओढली गेली, पोरांमागून आया आल्या. शेवटी तरुण पाळकही बाहेर आले. आत उकडतं, असं त्यांनी कारण दिलं. आत उरले एकटे शांतवन आबा. तो पावसाळा भिंतीनं काढला. आबा दर रविवारी आत शिरताना तिच्यावर थाप मारून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "उभी हाय की." लिंबाखाली आमची उपासना चाले आणि आतून, त्या भिंतीखालून, एकट्या माणसाची ढोलकी ऐकू येई. ती ऐकताना आम्हाला गाण्यात लक्ष देता येत नसे.

होळीनंतर बाईंनी अंथरूण धरलं. मी रविवारी भेटायला गेले की पहिला प्रश्न ठरलेला असे, "शांतवन कुठं बसला?" आतच, असं मी सांगितलं की त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या. गावात लोक उघड बोलत होते की भिंत काही पडली नाही, बाईंनी उगीच सगळ्यांच्या हातचं फाडलं. ते त्यांच्या कानावर गेलं होतं. शेवटच्या रविवारी त्यांना धाप लागली होती. माझा हात धरून म्हणाल्या, "पडू दे न्हाईतर ऱ्हाऊ दे, मला काय त्याचं. त्याला भाईर काढ." मी हो म्हणाले. कसं काढणार होते, ते मला माहीत नव्हतं. बाईंच्या मयतीला आबा आले, खांदा दिला, आणि पुढच्या रविवारी परत आत जाऊन बसले.

पावसाळा पुन्हा लागला. बाईंनी अर्धा बसवलेला योनाचा खेळ मोठ्या पोरींनी पुरा केला. आबांची नात कृपा त्यात मासा झाली होती, गोण्यांचा भलामोठा मासा. ती आजोबांपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, आतून मासा दिसत न्हाई." आठवडाभराच्या झडीनंतर त्या रविवारी ऊन पडलं होतं. आबा कुरकुरत बाहेर आले आणि चर्चकडे पाठ करून खुर्चीवर बसले. माशानं योनाला गिळलं, पोरं खिदळली, आबाही हसले. तेवढ्यात पाठीमागे आधी ओळखीचा तो मोडल्याचा आवाज आला आणि मग भिंत आतल्या बाजूला, वेदीवर, पायरीवर, पहिल्या बाकावर कोसळली. पत्रे खाली आले. धुरळ्यात कुणाला काही दिसेना. आया पोरांची नावं घेत होत्या आणि एकेक पोर ओ देत होतं.

धुरळा बसला तेव्हा आबा उभे होते. त्यांनी आत पाहिलं, आपली ढोलकी ठेवायचे त्या जागेकडे पाहिलं. मग नातीचा हात सोडून, "बाईला सांगून येतो," म्हणाले आणि चालू लागले. आम्ही सगळे तिथंच होतो. कुणी त्यांना थांबवलं नाही. ते बाईंच्या त्या दोन खोल्यांपाशी पोचले. दाराला कुलूप होतं. कुलूप हातात धरून त्यांनी दाराला कपाळ टेकलं.

"बाई," ते म्हणाले, "मी भाईर होतो."