राबियाभाभीच्या दोन गोधड्या

आमच्या राबियाभाभीला गोधडीचं वेड होतं. माझा भाऊ लियाकत जव्हारच्या बाजारात शिंपीकाम करायचा, संस्थानच्या शिपायांचे डगले शिवायचा. त्याच्या कात्रीतून सुटलेला तुकडा जमिनीला टेकायच्या आत भाभीच्या ओच्यात. पोटासाठी शिवायची म्हणाल तर तसंही नाही. इकडे भाकरी करपतेय आणि हिचं आपलं चाललंय, लाल तुकड्याशेजारी हिरवा शोभतो की पिवळा. करपलेल्या भाकरी मीच खाल्ल्यात, म्हणून सांगते.

पण सुख होतं हो त्यात, ते कसं नाकारू? दुपारी ओटीवर गोधडी पसरून ती तिच्यावरच मांडी घालून बसायची आणि कडेपासून धावदोरा घालत घालत मधोमध यायची. जुन्या कापडातून सुई लोण्यातून गेल्यासारखी जाते म्हणायची. एका गोधडीवर मात्र तिचं कधी भागलं नाही. दोन तरी सोबत चालू हव्यात. तिथंच घोळ झाला.

चैती खोडाळ्याकडच्या पाड्यावरची. मोळी विकायला जव्हारला आली की आमच्या ओटीवर टेकायची. त्या हिवाळ्यात तिची आई गेली. लेक रुपी पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. चैतीने एक लुगडं आणून भाभीच्या हातात दिलं.

"राबियाबाय, बाकीचं समदं आईसंगं गेलं. येवढं एकच राह्यलं. तिला पनतू बघायचा व्हता, नाय झालं. आता तिच्या लुगड्यात पोर तरी निजूं दे."

भाभीचे डोळे भरून आले. तिच्याही पेटीत तिच्या अम्मीची साडी होती, हात लावायला धजत नव्हती. त्याच दिवशी तीही बाहेर काढली. "दोघींच्या आयांच्या दोन गोधड्या, बिलकीस. बघच आता," म्हणाली.

बघितलं ना! जाड काठ सुईला नडतो म्हणून तो आधी फाडून टाकायचा आणि कापड राखेच्या पाण्यात उकळून मऊ करायचं, ही तिची रीत. दोन्ही कापडं वाळली ती सारखीच मळकट पांढरी. फरक एवढाच की लुगड्याला मधोमध दांड होता, म्हणजे दोन तुकडे जोडलेली शिवण. खालीवर तुकडे आणि मध्ये ही कापडं; वरचे रंग जुळवण्यात बाई इतकी गुंग की आत कुठे काय अंथरलं याचं भानच नाही. दोन्ही पुऱ्या झाल्यावर एक उचलली, चैतीची म्हणून घडी घातली, आणि ती घडी घेऊन तशीच उभी राहिली.

"बिलकीस, ही की ती?"

मला काय ठाऊक? वरून चाचपावं तर सगळीकडे टाकेच टाके, दांड कसा लागणार? उसवावं तर विरलेलं कापड टाक्यांसकट हातात येणार. भाभी पार गोंधळून गेली. सकाळी ही म्हणायची, दुपारी ती. खिरीत मीठ पडलं, चहात काय पडलं ते अजून कळलेलं नाही. तिच्या पायी माझंही डोकं फिरायची वेळ आली.

चैती आली तेव्हा भाभीने सगळं सांगून टाकलं. चैतीने दोन्ही गोधड्यांवरून हात फिरवला, नाकाला लावून पाहिल्या. वास राखेचा.

"माज्या आईचं लुगडं, आन् मलाच वळखंना," म्हणाली आणि हमसून रडली. मला भाभीचा असा राग आला की सुई हिसकावून विहिरीत टाकावी. शेवटी चैतीने डोळे मिटून एक ओढली आणि घेऊन गेली. रुपीला मुलगी झाली.

उरलेली भाभी पांघरायची. दोनेक वर्षांत वरचे तुकडे विरले, आता आतलं दिसणार म्हणून मी दांड शोधायला वाकले. भाभीने हाताने झाकलं आणि तिकडे न बघताच वर ठिगळ लावलं.

"अगं, बघ तरी एकदा!"

"आणि चैतीची निघाली तर?" ती म्हणाली.

पुढच्या बाजाराला चैती आली. भाभीने भीत भीत विचारलं, "तुझी विरली का गं?"

"विरली. ठिगाल लावलं."

"आत पाहिलंस?"

चैतीने मान हलवली. "नाय. पोर त्या गोधडीला आजी म्हनतंय."