बिस्किटांच्या डब्यातलं गाव

आयुष्यात मी एकच शोध लावला, तोही बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात. सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीमकडच्या अनसिंगच्या पलीकडल्या एका गावात मी टपाल वाटत असे. टपालघर म्हणजे गुरुजींच्या घराची ओसरी; शाळा सुटली की गुरुजी पोस्टमास्तर. अर्धं गाव एकाच आडनावाचं. पाकिटावर एक नाव, गावाच्या तोंडी दुसरंच. त्यात बऱ्याच घरांत वाचणारं कोणी नाही, म्हणून पत्र घरी द्यायचंच नाही; त्या घराला जो वाचून दाखवतो त्याच्या हाती द्यायचं, घरचे सवडीनं जाऊन ऐकत. हे सगळं गुरुजींच्या डोक्यात. मी रोज विचारी, ते रोज म्हणत, "तुह्या डोक्यात काय भुसा भरला हाय काय रे?"

मग मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून कार्डं केली. माणसागणिक एक: कागदावरचं नाव, गावातलं नाव, घर कुठं, टपाल कोणाच्या हाती. अक्षरवार लावून डब्यात उभी केली. नाव बोला, कार्ड ओढा, सगळा माणूस बाहेर! मी इतका हरखलो, की ज्यांना जन्मात पत्र आलं नव्हतं त्यांचीही कार्डं ओढत बसलो. लोक गंमत पाहायला येऊ लागले. "माह्यावालं काढ बरं," म्हणत. एका म्हाताऱ्याला गाव मागून काय म्हणतं ते मी त्याच्याच समोर खणखणीत आवाजात वाचलं. काठी हुकली, पण माझी ऐट उतरली नाही.

त्या उन्हाळ्यात बौद्ध वस्तीतल्या एका मजुराची मुलगी रोज टपालघरी येऊ लागली. मॅट्रिक झालेली, त्या घरातली पहिलीच. अकोल्याला नर्सिंग शिकायचा अर्ज टाकला होता, मुलाखतीचं बोलावणं यायचं होतं.

"भाऊ, आलं का?"

मी त्या दिवसाची थैली पाहून सांगे, "नाही."

पाचव्या दिवशी दुपारी ती धापा टाकत आली. तिच्या मैत्रिणीला बोलावणं कधीच येऊन पडलं होतं. मुलाखत उद्या सकाळी दहाला.

"तुमच्या घराचं काही आलंच नाही," मी म्हणालो आणि पुरावा म्हणून ऐटीत तिच्या बापाचं कार्ड ओढलं. टपाल कोणाच्या हाती: शिंप्याच्या. ते वाचलं आणि मला आठवलं. मागच्या आठवड्यात अर्जात दिलेल्या बापाच्या नाव-पत्त्यावर आलेलं एक जाड खाकी पाकीट मी कार्ड पाहून, वर न बघता, शिंप्याला देऊन मोकळा झालो होतो. बाप लांबच्या मळ्यावर मुक्कामानं कामाला गेलेला. पाकीट त्याची वाट पाहत तिथंच.

"शिंप्याले काहून देल्लं?"

"तुमच्या घरचं तेच वाचतात ना."

"मंग मॅट्रिक का शिंप्यानं केलं?"

मी डबा बंद केला.

आम्ही धावलो. शिंपी दोरे आणायला वाशीमला गेलेला, दुकानाला कुलूप. फळ्यांच्या फटीतून शिलाई मशीनच्या वर, तारेला टोचलेलं खाकी पाकीट दिसत होतं. मी उजवा हात आत घातला, खांद्यापर्यंत. दोन बोटांत पाकीट आलं! ओढलं, तर कोपर अडकलं. फिरवलं, आणखी अडकलं. समोर वाशीमची संध्याकाळची एसटी येऊन उभी राहिली; इथूनच परत फिरायची, अकोला गाठायला शेवटची.

"भाऊ, हात राहू द्या तिथंच," ती शांतपणे म्हणाली. "पाकीट खाली सोडा."

मी सोडलं. तिनं उंबऱ्याखालून काडीनं ते बाहेर ओढलं, फोडलं, उभ्या उभ्या वाचलं आणि एसटीकडे पळाली. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. ती चढली.

त्याच एसटीतून शिंपी उतरला होता. माझ्या मागे येऊन थांबला.

"काय गा, मह्या दुकानात काय चाचपून राह्यला?"

त्यानं फळी काढीपर्यंत निम्मं गाव जमलं. कार्डं पाहायला आलं नसेल तेवढं.

दुसऱ्या दिवशी मी डबा काखेत मारून घरोघर फिरलो. "घरात कोणी वाचायला लागलं का?" प्रत्येक आळीत कार्डं बदलावी लागली. कुठं सून, कुठं चौथीतली पोरगी. हे लोक रोज माझ्यासमोरच होते, मी मात्र डब्यात पाहत होतो.

महिन्यानं दुसरं खाकी पाकीट आलं. ते मी पळत नेऊन तिच्याच हाती दिलं. तिची निवड झाली होती.

जायच्या आदल्या दिवशी ती टपालघरी आली. बापाचं कार्ड काढून शिंपी खोडला, तिथं आपलं नाव लिहिलं. मग एक कोरं कार्ड मागून घेतलं, भराभर लिहून डब्यात खोचलं आणि गेली. मी ओढून पाहिलं. वर माझं नाव. घर: शिंप्याचं दार. टपाल कोणाच्या हाती: डाव्या, उजवा अडकला आहे.

गुरुजींनी ते कार्ड मला कधी काढून टाकू दिलं नाही.